मच्छीमारांना 'जागृत' करायला निघालेली विद्यापीठं

साडेतीन_वाव
काल इथे एका प्राध्यापक महाशयांची पोस्ट फिरत होती. सार एवढंच, की हवामानबदलाला तोंड द्यायचं तर विद्यापीठांनी किनाऱ्यावर जाऊन मच्छीमारांमध्ये जनजागृती करावी, शिबिरं घ्यावीत, पर्यायी रोजगाराचं प्रशिक्षण द्यावं. खाली 'अप्रतिम विचार सर'ची रांग. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

कुणाला जागं करताय? २०१९ साली ऐन हंगामात क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात होती. आपल्या किनाऱ्यावर एकही आदळलं नाही, पण बोटी देवगडपासून वर सगळीकडे बंदरात अडकून. मग ३ जून २०२० ला निसर्ग, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या अभ्यासात आहे की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या १९ वर्षांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, हा आकडा ठाऊक नसेल, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हातचे गेले हे त्याला कळतं.

शेतात पाणी शिरलं की तलाठी येतो, पंचनामा होतो. दर्याला सातबारा नाही. बोट फुटली तर फोटो तरी काढता येतो. बोट धड आहे, जेटीला बांधून पडलीय, भरलेला बर्फ वितळला, खलाशांचं खाणं आणि पगार चालू, हे नुकसान कुठल्या कागदावर दाखवायचं? मत्स्य महाविद्यालयांनी हे काम करावं. बंदराबंदरावर माणूस बसवा. रोज किती बोटी गेल्या, किती आल्या, काय मिळालं, पाणी किती तापलं, गेल्या नाहीत तर का नाही. वर्षानुवर्षं. आणि तो आकडा मराठीत जेटीवरच्या फळ्यावर लिहा. म्हणजे भरपाई मागताना हातात काहीतरी असेल. शिबिरातला समोसा नको.

प्रबंध_अडकलाय
मत्स्यशास्त्रात पीएचडी करतोय, म्हणून राहवलं नाही. सीएमएफआरआय ही केंद्राची सागरी मासेमारी संशोधन संस्था १९४७ पासून आहे, बंदरांवर नमुना पद्धतीने मासळी मोजायचं काम त्यांची माणसं करतात. तुम्ही नवा शोध लावल्यासारखं लिहिलंय.

आणि 'माणूस बसवा' म्हणजे कोण? जागा रिकाम्या, प्रकल्प तीन वर्षांचा, चौथ्या वर्षी मोजणाऱ्याचा पगार बंद. कॉलेजांना श्रेणी देणारे नॅकवाले विचारतात पेपर किती छापले. जेटीवरच्या फळ्याला शून्य गुण.

शिवाय खरं कोण सांगतं? मी पहाटे जेटीवर वही घेऊन उभा असायचो. एक तांडेल रोज म्हणायचा 'काय नाय मिळालं', आणि मागून टोपल्यांवर टोपल्या उतरत होत्या. त्याला वाटायचं मी खात्याचा माणूस, परवाना तपासायला आलोय.

साडेतीन_वाव
सीएमएफआरआयचे आकडे राज्याचा अंदाज बांधायला ठीक आहेत. त्यातून माझ्या गावातल्या बोटी नोव्हेंबरात किती दिवस बांधून होत्या ते दाखवा, लगेच गप्प बसतो. आणि तांडेल खोटं का सांगतो हा प्रश्न कधी पडला का? आजवर त्याने दिलेला एकही आकडा त्याच्याकडे परत आला नाही. थेट तुमच्या प्रबंधात गेला.

रापणकार
माझो आजो रापणकार, किनाऱ्यार उभो रवान जाळा ओढणारो, बापूस रापणकार. तेंका कोणी शिबिरात शिकवक नाय. बांगडो गरम पाण्यान पळालो की जाळ्यान संपलो, ह्या कळाक पीएचडी व्हयी? मोठ्या घेराच्या जाळ्याचो पर्ससीनवालो रातीचो येता, एलईडी पेटवता, आख्खो थवो उचलून नेता. हवामान बदलला असा सांगितल्यार तेंचा बराच झाला, कोणाच्या नावान बोंब मारूक नको.

प्रबंध_अडकलाय
दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात ना दादा? बांगडा हा वरच्या थरातला मासा. पृष्ठभागाचं पाणी तापायला लागल्यापासून तो खोलवर जातोय, तळाशी ओढायच्या ट्रॉल जाळ्यात जास्त सापडतोय, हे सीएमएफआरआयच्या लोकांनीच नोंदवलंय. रापण किनाऱ्यावरून ओढतात, तिला तो मिळणार कसा? पर्ससीनबद्दल म्हणाल तर सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा, त्यावरून २०१६ मध्ये निर्बंध आले. तो अहवालही शास्त्रज्ञानेच लिहिला होता.

रापणकार
अहवाल लिवलो, आणि मगे? बोटी थांबले काय? निर्बंध कागदार, एलईडी दर्यात.

कुलाबकर
मुळात चूक कुठे आहे सांगू? ७२० किलोमीटरची किनारपट्टी (नव्या मोजणीत ८७७ झाली, मासे तेवढे वाढले नाहीत) आणि राज्याचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ कुठे? नागपुरात! शिरगावचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीत, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे, आणि ते नक्की कुणाचं यावरून कोर्टापर्यंत भांडणं. केरळने २०१० मध्ये स्वतंत्र मत्स्य विद्यापीठ काढलं, तमिळनाडूने २०१२ मध्ये, तेही नागपट्टिणमला, समुद्रालगत. आम्ही अजून मागणीची निवेदनं देतोय.

वैनगंगाकाठ
झालं, आले नागपूरवर! ओ भाऊ, मासे काय फक्त खाऱ्या पाण्यातच असतात का? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांचे तलाव पाहिले का कधी? त्यावर ढिवर समाज जगतो. पाऊस उशिरा आला की मत्स्यबीज सोडायला उशीर, मार्चनंतर तलाव आटला की मासा वाढायच्या आत विकावा लागतो. हा हवामानबदल नाही का? की लाटा दिसल्या तरच तुमच्यासाठी हवामान?

कुलाबकर
तुमच्या तलावांना कुणी नाही म्हणत नाही. पण समुद्राची धोरणं गोड्या पाण्याच्या काठावर बसून ठरवायची?

वैनगंगाकाठ
आणि आमच्या तलावांची धोरणं मुंबईत बसून ठरतात ती चालतात! वर्सोव्याला सीआयएफई ही मत्स्यशिक्षणाची संस्था १९६१ पासून आहे, अभिमत विद्यापीठ आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. तिथून कोळ्यांचं किती भलं झालं ते सांगा, मग आमच्या विद्यापीठाची जागा बदलू.

कुलाबकर
ती केंद्राची संस्था. विषय भरकटवू नका.

वैनगंगाकाठ
नागपूर मी काढलं का तुम्ही?

बोंबीलवाली
तुमचं विद्यापीठ कुठेही न्या, माझे बोंबील भिजतायत त्याचं काय ते बोला आधी. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगायचे, ऊन लागलं तर दोन-तीन दिवसांत कडक. हल्ली नोव्हेंबर-डिसेंबरातही मध्येच पाऊस टाकतो. एक सर आली की वास सुटतो, अळ्या पडतात, मग कोंबडीखाद्यवाला म्हणेल तो भाव. त्या दिवशी बोटीवाला निदान घरी बसतो. माझा पैसा आदल्या दिवशी लिलावात गेलेला असतो.

आमच्याकडे एका कॉलेजने सोलर ड्रायर दिला. फीत कापली, फोटो झाले. त्यात एका टोपलीचे बोंबील मावतात. आणि आत टांगायला जागा नाही, जाळीचे ट्रे आहेत, त्यावर बोंबील चिकटून तुटतो. बोंबलात पाणी किती असतं हे बनवणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता त्यात मिरच्या वाळतात.

वर एवढं पंचनाम्याचं लिहिलंय, त्यात बायकांचं नाव कुठे नाही. मासळी सुकवणारीचं नुकसान तुमच्या फळ्यावर येणार आहे का?

साडेतीन_वाव
यायलाच हवं. रकाना वाढवा.

बोंबीलवाली
रकाना वाढवा म्हणे! मोठे आले.

प्रबंध_अडकलाय
ड्रायरचं वाचून लाज वाटली. आमच्या इथे असंच चालतं, वस्तू आधी ठरते, गरज नंतर विचारतात. पण उलट उदाहरणही आहे. २०१७ च्या ओखी वादळानंतर तिरुवनंतपुरमकडे कोचीनचं कुसाट विद्यापीठ आणि इंग्लंडचं ससेक्स विद्यापीठ छोट्या होडीवाल्यांबरोबर बसले. त्यांना अंदाज कसा हवा, किती लांबपर्यंतचा, कुठल्या शब्दांत, हे आधी विचारलं. आपल्याकडे 'समुद्र खवळलेला राहील' एवढंच येतं. डहाणूला खवळलेला की वेंगुर्ल्याला?

रापणकार
आणि ता इन्कॉइसचा, केंद्राच्या दर्याच्या संस्थेचा, मासे खंय गावतले सांगणारा अंदाज? उपग्रहान दाखवल्यार मोठो ट्रॉलर आधी पोचता. आमच्या होडयेचा इंजिन थयसर पोचासर मासो बाजारात.

साडेतीन_वाव
हे मात्र मान्य. तोच अंदाज ज्याचं इंजिन मोठं त्याच्या कामाचा.

पण पावसाळी मासेमारी बंदीच्या काळाचं बघा. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, ठरलेले. आमच्याकडे जुनी माणसं नारळी पौर्णिमेआधी होडी काढत नसत. आता १ ऑगस्टला सगळे सुटतात आणि दर्या अजून शांत नसतो. मासे अंडी कधी घालतात तेही सरकलंय का, हे दरवर्षी मासा चिरून गाभोळी तपासून सांगायचं काम मत्स्य महाविद्यालयांचं नाही तर कुणाचं? विद्यार्थी तसेही प्रात्यक्षिकाला मासे चिरतातच.

प्रबंध_अडकलाय
चिरतात, जर्नलमध्ये चार आलेख टाकून देतात. तुमचं बरोबर आहे, असं म्हणताना त्रास होतोय. पण बंदी १५ दिवस वाढवा असा निष्कर्ष निघाला तर तुम्हीच मोर्चा काढाल.

साडेतीन_वाव
आम्ही नाही, ट्रॉलरवाले काढतील.

कुलाबकर
म्हणूनच म्हणतो, कोकणात स्वतंत्र विद्यापीठ हवं.

वैनगंगाकाठ
आणि पुन्हा तेच. भाऊ, नवी इमारत, नवे कुलगुरू, नवी गाडी. मोजणाऱ्याच्या पगाराला पैसे तेव्हाही नसतील.

प्रबंध_अडकलाय
दुर्दैवाने नागपूरकरांशी सहमत. बरं, साडेतीन_वाव, तुमच्या मच्छीमार सोसायटीकडे डिझेलवरचा कर परत मिळतो त्या परताव्याच्या नोंदी असतीलच. कुठल्या दिवशी कुणी डिझेल भरलं नाही त्यावरून बोटी कधी बांधून होत्या हे निदान ढोबळ काढता येईल. गेल्या काही वर्षांच्या वह्या मिळवून द्या, टाइप करायला दोन मुलं लावतो. पण सगळ्या बोटींच्या लागतील, पर्ससीनवाल्यांच्याही.

साडेतीन_वाव
चेअरमनना विचारतो. निवडणूक तोंडावर आहे, आत्ता ते मागाल ते देतील.

रापणकार
पर्ससीनवाले डिझेलची वही दितले? दिल्यानी तर मी सोता नागपुराक जाऊन त्या विद्यापीठाक हार घालतंय.

वैनगंगाकाठ
या. येताना सुके बोंबील आणा, ड्रायरमधले नको.