रात्रीची घोंघों कोणाची? (सोसायटी ग्रुप, मालवण)

माई २०१ (रात्री ११.४२)
कोणाकडे मिक्सर चालू आहे का हो? आज तिसरी रात्र. उशीला कान लावला की घोंघों घोंघों. उशी उचलली की कमी.

सेक्रेटरी (११.४५)
माई, पंप १० ला बंद होतो. टायमर लावलाय. पंपाचा विषय नको.

आबा १०१ (११.४७)
पंप नाय तो. पंपाचो आवाज माका म्हायत आसा, माझ्या डोक्याखालीच आसा. ह्यो वरसून येता.

वहिनी २०३ (११.४८)
मला वाटलं आमचा फ्रिज. मी तो बंद करून बसलेय अर्धा तास 😄 दूध नासलं तर माईंकडे पाठवते.

बाबू ३०१ (११.५६)
माई, सॉरी. बहुतेक माझा कॉम्प्युटर असेल. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय, रात्री रेंडरला (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवायला) लावून झोपतो. मला सवय झालीय म्हणून लक्षात नाही आलं.

आबा १०१ (११.५७)
रे मेल्या, रातीचो गिरण चालवतंस काय?

सेक्रेटरी (११.५९)
नियमाप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. २००० सालचे नियम. मोबाइलवर ॲप घेऊन मोजावे.

बाबू ३०१ (रात्री १२.०३)
काका, मोजलं. ॲप ५१ दाखवतंय, पण त्यात बाहेरचे बेडूकही आहेत. आता रेंडर थांबवतो. सकाळी बघू.

भाऊ ३०३ (सकाळी ७.१०)
आत्ता वाचलं. सेक्रेटरी, ती मर्यादा बाहेरच्या परिसरातल्या आवाजाची, आणि मोबाइलचं ॲप काही मीटर नव्हे. ते बाजूला ठेवू. बाबू, नवीन फॅन मागवू नकोस अजून. दुकानात होतो तेव्हा दहातले सहा लोक फॅन बदलून परत यायचे आणि आवाज तिथेच. आधी मला सांग, आवाज कसा आहे? सतत एकसारखा घोंघों, की रेंडर सुरू झालं की चढतो? टकटक आहे? खरखर? शिट्टी?

बाबू ३०१ (७.२५)
सगळंच आहे भाऊ. मशीन चालू केल्यापासून एक घोंघों. रेंडरला वरून वॉशिंग मशीनच्या ड्रायरसारखं चढतं. मधूनच खर्रर्र.

भाऊ ३०३ (७.३१)
म्हणजे एक आवाज नाही, तीन आहेत. चांगलं झालं, वेगळे करता येतील.

कामावर अवलंबून नसलेला, कायम एकसारखा आवाज बहुधा कॅबिनेटच्या मागच्या किंवा पुढच्या फॅनचा. कामाबरोबर चढणारा प्रोसेसरच्या फॅनचा, नाहीतर ग्राफिक कार्डचा. खर्रर्र म्हणजे बेअरिंग, किंवा पात्याला लागणारी एखादी वायर. वायर आधी बघ, ती फुकटात सुटते.

आता कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी घे. एक टोक कानाला, दुसरं एकेका फॅनजवळ. साइडचं पॅनेल काढूनच, पण हात, ओढणी, बांगडी काही पात्याजवळ नको. ज्या फॅनचा संशय येईल त्याच्या मधल्या गोल टिकलीवर बोटाने हलकेच दाबून दोन-तीन सेकंद थांबव. पात्याला बोट लावायचं नाही. थांबवल्यावर आवाज गेला तर तो चोर. प्रोसेसरचा फॅन जास्त वेळ धरू नकोस.

एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, फॅन तेवढा सोड. तो डबा उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला राहू शकतो. तो आवाज करत असेल तर अख्खा डबा बदलायचा, बस.

वहिनी २०३ (७.४०)
माझ्या दिरांनी आमच्या फॅनमध्ये खोबरेल तेलाचे दोन थेंब घातलेले. महिनाभर एकदम शांत.

भाऊ ३०३ (७.४४)
आणि महिन्यानंतर? वहिनी, खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, पुढे चिकट होऊन धूळ धरतं. गंज काढायचा स्प्रेही नको, तो असलेलं वंगण धुऊन नेतो. घालायचंच असेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल. मधला स्टिकर उचलून एकच थेंब. ते सुद्धा नवीन फॅन येईपर्यंतची सोय.

वहिनी २०३ (७.४५)
हो, महिन्यानंतर अख्खा फॅन काढून टाकला 🙈

दादा १०४ (८.१५)
माझ्या ऑफिसात सॉफ्टवेअरने फॅनचा स्पीड कमी करतात. एवढी उघडझाप कशाला?

भाऊ ३०३ (८.२२)
दादा, तापाला गोळी देण्याआधी ताप का आला ते बघायला नको? हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची गरमी ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्या, धुळीने बंद असेल तर स्पीड कमी करून प्रोसेसर शिजेल फक्त. मग स्वतःच वेग कमी करेल आणि बाबूचं दोन तासांचं रेंडर तीन तास चालेल. माईंना तेवढा एक तास जादा.

बाबू ३०१ (दुपारी १.५०)
नळी लावली. आईने विचारलं डॉक्टर कधी झालास.

१. मागचा फॅन: घोंघों हाच. धरला की आवाज खाडकन कमी. हाताने फिरवला तर पातं थोडं डुगडुगतंय, खर्रर्र पण त्याचीच.
२. रेंडरला चढणारा प्रोसेसरवरचा. रेंडर सुरू झाल्यावर पाच मिनिटांत ९४ अंश!
३. एक बारीक शिट्टी ग्राफिक कार्डाकडून येते, पण तिथला फॅन धरला तरी जात नाही. मला नीट ऐकू येत नाही, ताईला येते.

आणि भाऊ, आत अक्षरशः गोधडी आहे. लाल धूळ आणि केस. एका कोपऱ्यात पालीची अंडी.

आबा १०१ (१.५५)
पालीक भाडा लाव.

भाऊ ३०३ (२.२०)
९४ म्हणजे हद्द. बऱ्याच प्रोसेसरांना १०० च्या आसपास ब्रेक लागतो. खोलीत मे महिन्यात ३३-३४ अंश असतातच, त्याच्या खाली काही जाणार नाही, पण ९४ नको.

संध्याकाळी माझ्याकडून ब्लोअर ने. प्लग काढ, गॅलरीत जा, आणि फॅनची पाती बोटाने धरूनच हवा मार. नाहीतर ब्लोअरच्या झोताने फॅन भन्नाट पळतो, बेअरिंगची वाट लागते, आणि फिरणारा फॅन उलटी वीज बोर्डाकडे पाठवू शकतो. लोकांना ते भिरभिर बघायला आवडतं म्हणून सांगतोय.

प्रोसेसरचा फॅन हीटसिंकवरून वेगळा करून बघ. खरा मळ वरून दिसत नाही. फॅनच्या खाली, पट्ट्यांच्या तोंडावर नमद्यासारखा थर बसलेला असतो. वरवर फुंकून तो जात नाही, चिमट्याने उचलावा लागतो.

आणि त्या हीटसिंकच्या चार खिट्ट्या तपास. कंपनीबरोबर आलेला गोल कूलर असेल तर प्लॅस्टिकच्या चार खिट्ट्यांवर उभा असतो. एक सुटली की एका बाजूने उचलला जातो, आणि फॅन कितीही ओरडला तरी खालची गरमी वर पोचत नाही.

बाबू ३०१ (रात्री ८.०५)
भाऊ तुमचे पाय कुठे आहेत. एक खिट्टी खरंच सुटलेली! गेल्या शिमग्यात मुंबईहून टेम्पोत आणलं होतं, तेव्हाच हलली असणार.

प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट पापडासारखी वाळलेली. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, पुसली, नवीन पेस्ट वाटाण्याएवढी. खिट्ट्या कर्णावर समोरासमोरच्या आळीपाळीने दाबल्या, बोर्डाच्या मागून टोकं बाहेर आली का ते बघितलं. आता रेंडरला ७३.

भाऊ ३०३ (८.१२)
शाब्बास. एका दिवसात २१ अंश, आणि खर्च पेस्टच्या पुडीचा. आता मागचा फॅन. त्याची वायर बघ, प्लगला भोकं किती? तीन की चार?

बाबू ३०१ (८.२०)
तीन. बोर्डावर पिना मात्र चार.

भाऊ ३०३ (८.३३)
वाटलंच होतं. चार पिनांच्या फॅनला वेग सांगायला वेगळी तार असते. तीन पिनांच्याला नसते, त्याचा वेग व्होल्टेज कमी-जास्त करून ठरतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ती जागा पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या तारेने वेग सांगायच्या मोडवर, ठेवलेली असेल तर तीन पिनांच्या फॅनला सारखे पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. बिचारा दिवसरात्र फुल स्पीडने धावतोय, तू नुसतं पत्र टाइप करत असलास तरी. बायोसमध्ये जाऊन त्या जागेचा मोड डीसी कर.

एक हिशोब सांगतो, मला फार आवडतो. फॅनचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलच्या आसपास उतरतो. १० डेसिबल उतरले तरी कानाला निम्माच वाटतो. म्हणजे थोडी हवा सोडायची आणि बरीच शांतता घ्यायची. म्हणूनच ८० एमएमचा एक चिडका फॅन काढून, जागा असेल तर १२० एमएमचा संथ लावतात. हवा तेवढीच, वेग कमी.

बाबू ३०१ (९.०२)
डीसी केलं. १९०० वरून ८५० आरपीएम. घोंघों गेली म्हटलं तरी चालेल! खर्रर्र आहे.

भाऊ ३०३ (९.०६)
ती जाणार नाही, बेअरिंग गेलंय. आता मागव नवीन, १२० चा, ५००-७०० मध्ये चांगला मिळेल. बसवताना दिशा बघ. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात तिकडून हवा बाहेर पडते. मागचा फॅन हवा बाहेर फेकणाराच हवा. स्क्रूऐवजी रबरी पिना आल्या तर त्याच वापर. तुझे जुने स्क्रू चिवल्याच्या समुद्राच्या वाऱ्याने गंजून बसले असतीलच.

आणि दादा, आता तुमचं सॉफ्टवेअर चालेल. प्रोसेसरच्या फॅनच्या वेगाचा आलेख ६० अंशांपर्यंत सपाट ठेव बाबू, मग हळूहळू चढव. वेग बदलायला दोन-चार सेकंदांचा उशीर देता आला तर दे. सारखं वर-खाली होणं हे कायम आवाजापेक्षा जास्त डोक्यात जातं.

दादा १०४ (९.१५)
👍 विंडोजमध्ये पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली तर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. मी लॅपटॉपवर करतो. रेंडर थोडं सावकाश होईल, पण फॅन शांत.

भाऊ ३०३ (९.१८)
हे मी सांगणारच होतो. बरोबर आहे. फक्त रात्रीसाठी.

माई २०१ (९.४०)
बाबू, कमी आहे. पण उशीला कान लावला की अजून बारीक थरथर येते रे. तू ते यंत्र जमिनीवर ठेवलंस का?

बाबू ३०१ (९.४१)
हो माई, फरशीवर. टेबलाखाली.

भाऊ ३०३ (९.५०)
माईंनी पहिल्याच मेसेजमध्ये सांगितलं होतं, उशी उचलली की कमी. मी नीट वाचलं नाही. तो हवेतून येणारा आवाज नव्हताच, स्लॅबमधून आणि भिंतीतून पलंगात उतरत होता. बाबू, जुनी रबरी स्लीपर काप, चार तुकडे, कॅबिनेटच्या पायांखाली. टॉवेल किंवा सतरंजी नको हां. एसएमपीएस खालून हवा ओढतो, तोंड बंद होईल त्याचं. आणि टेबल भिंतीपासून चार बोटं लांब.

बाबू ३०१ (१०.१२)
आबांची स्लीपर जिन्यात होती...

आबा १०१ (१०.१३)
हात लाव बघू.

बाबू ३०१ (१०.१४)
माझीच कापली आबा 😅 माई, आता रेंडर लावलंय, सांगा.

माई २०१ (१०.३१)
काही नाही. घड्याळ ऐकू येतंय.

ताई ३०१ (१०.३५)
भाऊ, ती शिट्टी राहिलीच की. बारीक, कानात जाणारी. बाबू म्हणतो मला भास होतोय.

भाऊ ३०३ (१०.४४)
भास नाही. ती फॅनची नाही, ग्राफिक कार्डावरच्या कॉइलची. करंट झपाट्याने कमी-जास्त झाला की कॉइल थरथरते, तिचा आवाज. धोका नाही, पण तेल, पेस्ट, स्लीपर कशानेच जात नाही. व्हिडिओ बघताना नाही, गेममध्येच जास्त येत असेल. गेममध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० ला बांध, बरीच दबते. मला स्वतःला असले आवाज आता ऐकू येत नाहीत. वय वाढलं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात.

ताई ३०१ (१०.४६)
गेम? बाबू रात्री रेंडर करत होता ना?

बाबू ३०१ (१०.४७)
रेंडर झाल्यावर 🙏

सेक्रेटरी (सकाळी ७.०५)
दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात लाल धुळीचे ढीग आहेत आणि एक ब्लोअर ठेवलेला आहे. ज्यांचा असेल त्यांनी घेऊन जावा आणि जिना झाडावा. गॅलरीत धूळ उडवायची ठरली होती असे वर लिहिलेले आहे.