फुल कौन्सिलमध्ये कॅबिनेट मेंबरला प्रश्न विचारून काही हाती लागतं का? (लंडन)

रविवारशाळा:

नमस्कार मंडळी. पश्चिम लंडनमधल्या एका बरोमध्ये (म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेल्या भागात) राहते. बरोचं नाव मुद्दामच लिहीत नाही. आमचे अर्जविनंत्या अजून चालू आहेत आणि इथे कोण कोण वाचतं कोण जाणे.

आमच्याकडे एक जुनं कम्युनिटी सेंटर होतं. छप्पर गळकं, हीटर मनात आलं तर चालणारा, पण भाडं परवडायचं. रविवारी सकाळी आमची मराठी शाळा, दुपारी सोमाली बायकांचा शिवणवर्ग, आठवड्यात एकदा म्हाताऱ्यांचा बिंगो. मग ती जागा पुनर्विकासात गेली. टॉवर उभे राहणार आणि तळमजल्यावर नवाकोरा हॉल मिळणार, असं चित्रात रंगवून दाखवलं होतं. चित्रात फुगे घेतलेली मुलंसुद्धा होती.

टॉवर झाले, लोक राहायला आले, बाल्कन्यांत कपडे वाळायला लागले. हॉलच्या काचांना मात्र आतून अजून पांढरा रंग फासलेला आहे. एका कोपऱ्यात तो खरवडला गेलाय, तिथे डोळा लावला तर उघडं सिमेंट, छतातून लोंबणाऱ्या वायरी आणि संडासाच्या जागी जमिनीतून वर आलेले नुसते पाइप दिसतात. शाळा तोवर चर्चच्या मागच्या खोलीत भरते. तिथे बाराला प्रार्थनेनंतरचा चहा असतो, म्हणून पावणेबाराला मुलांना दप्तरासकट बाहेर काढावं लागतं.

मागच्या फुल कौन्सिलला, म्हणजे सगळ्या कौन्सिलरांच्या (नगरसेवकांच्या) सभेला, आमच्या वॉर्डच्या कौन्सिलरने प्रश्न विचारला. मी वर गॅलरीत बसले होते. त्याने विचारलं, "नवीन हॉल कधी सुरू होणार?" कॅबिनेट मेंबर, म्हणजे ते खातं सांभाळणाऱ्या कौन्सिलर, उठल्या. समाजासाठी जागा हा आमचा प्राधान्याचा विषय आहे, संबंधितांशी बोलणी सुरू आहेत, योग्य वेळी सदस्यांना कळवू. संपलं. लगेच त्यांच्याच पक्षाच्या एका गृहस्थाने विचारलं, "आपल्या बागांना बक्षीस मिळालं, त्याबद्दल कर्मचाऱ्यांचं अभिनंदन करण्यात मॅडम माझ्यासोबत सामील होतील का?" मॅडम आनंदाने सामील झाल्या आणि प्रश्नांची वेळ संपेपर्यंत सामीलच राहिल्या.

तर विचारायचं असं, की आपण साधे रहिवासी थेट प्रश्न विचारू शकतो का? आणि असा कसा विचारायचा की त्यांना 'योग्य वेळी' म्हणता येणार नाही? बाबा साताऱ्याहून फोनवर म्हणतात, "सभेत कसले प्रश्न विचारतेस, नगरसेवकाला घरी जाऊन गाठ." इथे ते कसं जमणार, ते त्यांना सांगून थकले.

मिनिट्सवाला:

ताई, मी बरीच वर्षं एका कौन्सिलच्या डेमोक्रॅटिक सर्व्हिसेसमध्ये होतो. म्हणजे सभेची कार्यक्रमपत्रिका काढायची आणि मिनिट्स (इतिवृत्त) लिहायची. 'योग्य वेळी' इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप चालायची.

रहिवाशांना विचारता येतं. बहुतेक बरोंमध्ये फुल कौन्सिलला पब्लिक क्वेश्चन्सची वेळ राखून ठेवलेली असते. नियम प्रत्येक कौन्सिलच्या कॉन्स्टिट्यूशनमध्ये, म्हणजे कारभाराच्या नियमावलीत, असतात आणि ते वेबसाइटवर सापडतं. कागद कंटाळवाणा आहे, पण प्रश्नांचं तेवढं प्रकरण वाचाच.

आता मुख्य गोष्ट. लेखी प्रश्नाचं उत्तर कॅबिनेट मेंबर लिहीत नाही. ते खात्यातला अधिकारी लिहितो, मेंबर वाचून दाखवतो. 'कधी सुरू होणार' असं विचारलं की अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, कारण भविष्याबद्दल काहीही लिहिता येतं. त्याला झालेल्या गोष्टींबद्दल विचारा. तारीख, रक्कम, कोणाच्या सहीने निर्णय झाला. यातलं काही चुकीचं लिहिलं तर ते रेकॉर्डवर राहतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तुम्ही वर्णन केलंय त्याला आमच्या भाषेत 'शेल अँड कोअर' म्हणतात. बिल्डरने नुसता सांगाडा द्यायचा. फरशी, संडास, किचन, दिवे दुसऱ्या कोणीतरी करायचे. ते 'कोणीतरी' कोण, हे ठरलेलं नसलं की हॉल असाच पडून राहतो. तेव्हा आधी त्या प्रकल्पाचा सेक्शन १०६ करार काढा, म्हणजे बांधकाम परवानगीसोबत बिल्डरने काय द्यायचं याचा कौन्सिलशी झालेला करार. तो सार्वजनिक असतो, प्लॅनिंगच्या वेबसाइटवर अर्ज क्रमांक टाकला की मिळतो. त्यात हॉल कोणत्या अवस्थेत द्यायचा आणि किती फ्लॅट भरायच्या आत द्यायचा हे लिहिलेलं असतं. ती अट मोडली असेल तर कौन्सिलला कोर्टाचा मनाई हुकूम मागता येतो. हे त्यांना ठाऊक असतं, फक्त कोणी आठवण करून दिलेली आवडत नाही.

कोथरूडकर:

वाचून बरं वाटलं, की साहेबाच्या देशातही हेच चालतं! आमच्या पुण्यात बिल्डरने सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या अशा जागांना अ‍ॅमेनिटी स्पेस म्हणतात. २०२१ साली महापालिकेने त्या भाडेपट्ट्यावर खासगी लोकांना द्यायचं काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

फरक एवढाच की आमच्या मुख्य सभेत नगरसेवक कितीही तावातावाने बोलला तरी खरा अधिकार आयुक्तांच्या हातात. तुमच्याकडे निदान निर्णय घेणारा माणूस निवडून आलेला आहे आणि समोर बसलेला आहे. आमच्याकडे तर मार्च २०२२ ला मुदत संपली आणि पुढची काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सर्वेसर्वा. प्रश्न विचारायला सभागृहच नाही. पण तुमच्या बाबांचा सल्ला अगदी टाकाऊ नाही हो. घरी नाही, तरी रहिवाशांसाठी ठेवलेल्या वेळेत कौन्सिलरला गाठता येतं, तुमच्याकडे त्याला सर्जरी म्हणतात ना?

लेस्टरची_मावशी:

सर्जरीत जा, पण कोणाकडे जाताय ते बघून जा. २००० च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टनंतर बहुतेक कौन्सिलांत लीडर धरून जास्तीत जास्त दहा जणांची कॅबिनेट सगळं ठरवते. बाकीचे कौन्सिलर हातपाय असून बसलेले. त्यातही सत्ताधारी पक्षाचा असेल तर आपल्याच मंत्र्याला भर सभेत अडचणीत आणणार नाही, तो मऊच विचारणार. तुमचा कौन्सिलर कुठल्या पक्षाचा? सत्ताधारी असेल तर त्याला सभेत विचारायला लावू नका, आतून ईमेल करायला लावा. त्याला अधिकारी लवकर उत्तर देतात. आणि सभेतला प्रश्न विरोधकाकडे द्या, तो खुशीत घेईल.

दुसरं, फुल कौन्सिल म्हणजे तमाशा. खरं काम स्क्रुटिनी कमिटीत, म्हणजे कॅबिनेटच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या समितीत, होतं. तिथे कॅबिनेट मेंबरला समोर बसवतात आणि एकाच विषयावर तासभर विचारतात. कॅबिनेटमधले लोक त्या कमिटीचे सदस्य होऊच शकत नाहीत. अध्यक्षांना पत्र लिहा, हा विषय घ्या म्हणून. आमच्याकडे वाचनालयाचे तास कमी करायचा घाट घातला होता तेव्हा आम्ही पाचसहा बायका स्क्रुटिनीला जाऊन पहिल्या रांगेत बसलो. काही बोललो नाही, विणकाम करत बसलो. अध्यक्ष दर दोन मिनिटांनी आमच्याकडे बघायचे.

आणि मतदार यादीत नाव आहे ना? भारतीय पासपोर्ट असला तरी इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. आपल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. शाळेतल्या पालकांची नावं यादीत घालून घ्या आणि मग सर्जरीला जा.

रविवारशाळा:

मावशी, विणकामाचं लक्षात ठेवते! कौन्सिलर सत्ताधारी पक्षाचाच आहे, म्हणजे आलं लक्षात.

मिनिट्सवाला, करार सापडला. बाप रे, केवढा कागद. हॉल 'शेल अँड कोअर' द्यायचा असंच लिहिलंय आणि साठ टक्के फ्लॅट भरायच्या आत द्यायचा. आतल्या कामासाठी बिल्डरने वेगळी रक्कम द्यायची असंही एक कलम आहे. मी असा प्रश्न लिहिलाय, बघा बरं:

"आमच्या भागातील नागरिक दीर्घकाळ ज्या हॉलची आतुरतेने वाट बघत आहेत, त्या हॉलसाठी बिल्डरकडून मिळालेले पैसे कुठे गेले आणि लहान मुलांना थंडीत रस्त्यावर उभं राहावं लागतं याची कौन्सिलला लाज वाटत नाही का?"

मिनिट्सवाला:

ताई, शेवटचा भाग काढा. लाज वाटते की नाही याचं उत्तर ते अगदी आनंदाने देतील आणि पैशांचं राहून जाईल. शिवाय अपमानकारक म्हणून अख्खा प्रश्नच फेटाळायला निमित्त मिळतं. असा लिहा:

"अमुक क्रमांकाच्या सेक्शन १०६ करारानुसार कम्युनिटी हॉलच्या आतल्या कामासाठीची रक्कम कौन्सिलला कोणत्या तारखेला मिळाली, आज त्यातली किती शिल्लक आहे, आणि साठ टक्के फ्लॅट कोणत्या तारखेला भरले?"

तीन गोष्टी, तिन्हींचं उत्तर फाइलमध्ये आहे. थंडीतली मुलं पुरवणी प्रश्नासाठी ठेवा. बहुतेक ठिकाणी एकच पुरवणी प्रश्न मिळतो, तो मूळ उत्तरातूनच निघावा लागतो आणि त्याचं उत्तर अधिकाऱ्याने लिहून दिलेलं नसतं. तिथे मेंबर एकटा असतो. रक्कम मिळालीय म्हणाले तर विचारा, "मग काम काढायचा निर्णय तुम्ही कोणत्या तारखेला कॅबिनेटपुढे आणणार?" मिळाली नाही म्हणाले तर, "वसुलीची नोटीस कधी पाठवली?" दोन्ही चिठ्ठ्या लिहून न्या, ऐनवेळी सुचत नाही.

सभेआधी इन्फ्रास्ट्रक्चर फंडिंग स्टेटमेंटही बघा. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत ते छापावंच लागतं. बिल्डरांकडून काय आलं, काय खर्च झालं, सगळं त्यात असतं. रक्कम तिथे दिसली तर उत्तर तुम्हाला आधीच कळलेलं असेल, आणि गॅलरीत कोणालातरी मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसवा. २०१४ पासून त्याला परवानगी आहे.

कोथरूडकर:

दोन चिठ्ठ्या! हे आमच्या नगरसेवकाला शिकवलं पाहिजे. तो एकच चिठ्ठी आणतो, तीही आयुक्तांच्या पीएने लिहिलेली.

रविवारशाळा:

प्रश्न पाठवला. पोच आली आहे. रेकॉर्डिंगला सातवीतली मुलगी बसणार आहे, तिला तेवढंच कारण हवं होतं. स्क्रुटिनीच्या अध्यक्षांना पत्र या आठवड्यात लिहिते. मावशी, त्या पत्रात पालकांच्या सह्या घ्यायच्या का नुसतं शाळेचं नाव पुरे?

लेस्टरची_मावशी:

सह्या घे. आणि प्रत्येकीचा पोस्टकोड लिहून घे, नाहीतर त्या बरोबाहेरच्या आहेत म्हणतील.