मदत हवी आहे: एसपीआय फ्लॅशचा क्लॉक वाढवल्यावर स्क्वॅशएफएसच्या एरर

एमटी७६२१ चिपचा राउटर, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स), फर्मवेअर साठवणारी एसपीआय फ्लॅश विनबॉन्ड डब्ल्यू२५क्यू१२८ (१६ एमबी नॉर). डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) फ्लॅशची कमाल फ्रीक्वेन्सी १० मेगाहर्ट्झ होती; ती ८० केली, फास्ट रीड (जास्त क्लॉकसाठीची वाचन कमांड) चालू केलं. बूट झटपट होतं, पण राउटर तापला की स्क्वॅशएफएसचं (फक्त वाचता येणारी, दाबून साठवलेली फाइलसिस्टम) एक्सझेड डीकॉम्प्रेशन फेल. फ्लॅश गेली की क्लॉक जास्त झाला? ड्राइव्ह स्ट्रेंथ (पिन सिग्नल किती जोरात देते) वाढवून भागेल का?

उत्तर १

आधी त्या इमेजवर बूट करणं थांबवा. वाचताना सीआरसी (डेटा पडताळायचा आकडा) चुकला की जेएफएफएस२ (सेटिंग्ज साठवणारी फाइलसिस्टम) तो नोड, म्हणजे डेटाचा तुकडा, बाद धरतो, मग चांगली सेटिंग्जही कायमची जातात. फॅक्टरी पार्टिशनचा बॅकअप १० मेगाहर्ट्झवरच घ्या, वायफायचं कॅलिब्रेशन त्यात असतं.

मग इनिट-रॅमएफएस (रॅममधूनच चालणारी इमेज) टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, चढवा आणि फर्मवेअर पार्टिशनचा एमडी५ (पडताळणीची बेरीज, चेकसम) लूपमध्ये पन्नासेक वेळा काढा. एमटीडीचं (लिनक्सचा फ्लॅश हाताळणारा भाग) कॅरेक्टर डिव्हाइसच वापरा. एमटीडीब्लॉक हे दुसरं डिव्हाइस कॅशमधून उत्तर देतो, चूक झाकली जाते. बेरीज दर वेळी बदलली तर दोष बसचा (फ्लॅश आणि प्रोसेसरमधल्या सिग्नलचा). सारखीच आली तरी १० मेगाहर्ट्झच्या बेरजेशी ताडून बघा, कारण सॅम्पलिंग एका बिटने सरकलं तर चूकही दर वेळी तीच येते. १० वरही स्क्वॅशएफएस रडत असेल, तरच फ्लॅशमधल्या मजकुरावर संशय घ्या.

एमटी७६२१ मध्ये २२० मेगाहर्ट्झला पूर्णांकाने भागून क्लॉक मिळतो. ८० लिहिलं की ७३.३, ६० किंवा ७० लिहिलं की ५५, ५० ला ४४. फ्लॅश उतरत्या कडेला बिट सोडते, कंट्रोलर पुढच्या चढत्या कडेला उचलतो. ७३ वर मधे ६.८ नॅनोसेकंद उरतात आणि बिट बाहेर यायलाच ६-७ लागतात. तापल्यावर ही वेळ वाढते, म्हणून तुमचं लक्षण.

उत्तर २

ड्राइव्ह स्ट्रेंथबद्दल: वाचताना डेटाची लाइन फ्लॅश चालवते, त्यामुळे एसओसीच्या (राउटरच्या मुख्य चिपच्या) पिना जोरात केल्याने फक्त क्लॉकची कड सुधारेल. फ्लॅशचा जोर तिसऱ्या स्टेटस रजिस्टरच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या बिटांत असतो: २५, ५०, ७५, १०० टक्के. १५ हेक्स कमांडने वाचा, ११ हेक्सने लिहा. त्याआधी ५० हेक्स पाठवलं तर बदल पॉवर जाईपर्यंतच टिकतो. ०६ पाठवलं तर कायमचा. प्रयोगाला पहिलाच बरा. थेट १०० नको, रिंगिंगने (सिग्नल वर-खाली थरथरल्याने) क्लॉकवर खोट्या कडा उमटतात.

प्रश्नकर्ता

७३ वर बेरजा बदलतात, ५५ वर सगळ्या जुळल्या. ५५ ठेवू?

उत्तर १

दोन्ही वायफायवर लोड देऊन, झाकण बंद ठेवून पुन्हा तपासा. तरी माझं मत ४४. त्याच मॉडेलच्या पुढच्या लॉटमध्ये दुसऱ्या कंपनीची फ्लॅश असू शकते, हा बदल ओपनडब्ल्यूआरटीला पॅच म्हणून पाठवणार असाल तर तिचाही विचार करावा लागेल. शिवाय ५५ ला फास्ट रीड सक्तीचं आहे: साधी ०३ ही वाचनाची कमांड या चिपवर ५० पर्यंतच चालते.