मदत हवी आहे : नेरुळ स्टेशन ते वंडर्स पार्क फूटपाथ पाहणी

येत्या रविवारी सकाळी हा रस्ता चालत मोजायचा आहे. दोघादोघांच्या जोड्या, एकाकडे टेप, दुसऱ्याकडे तक्ता. निकष आयआरसी १०३ चे (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं) : मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, कर्ब (फूटपाथची रस्त्याकडची कड) १५० मिमीपेक्षा उंच नको, रॅम्पचा उतार १:१२.

घोळ होतो तो रुंदीत. कर्बपासून भिंतीपर्यंत टेप धरला की अडीच मीटर भरतात, पण मध्ये झाडाचं आळं, डीपी (विजेची पेटी), उभ्या केलेल्या स्कूटर. मोजायची ती सगळ्यात अरुंद जागा, आणि फोटोत टेपवरचा आकडा वाचता यायला हवा. नुसत्या 'फार अरुंद आहे'ला वॉर्ड ऑफिसात कोण विचारतो?

रविवारी फेरीवाले आणि ऑफिस सुटतानाची गर्दी सापडणार नाही, म्हणून एक फेरी मंगळवारी संध्याकाळी ७ लाही आहे. त्याला माणसं कमी आहेत.

एक व्हीलचेअर दोन तासांसाठी कुणाकडून मिळेल का? शक्यतो ती स्वतः वापरणाऱ्या व्यक्तीसकट, आपण ढकलून बघण्यात अर्थ नाही. आणि क्यूजीआयएसवर (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) नकाशा करून देणारं कुणी? मोबाईलचं लोकेशन पाचेक मीटर सरकतं, त्यामुळे रस्त्याची कुठली बाजू ते तक्त्यात वेगळं लिहून देऊ.