घरच्यांसोबत फिरायला परवडेल अशी माउंटन बाइक – आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा, असे चौघं मिळून रविवारी सकाळी सायकलने बाहेर पडायचं ठरतंय. लांब पल्ला नाही, घाट चढायचे नाहीत, पाषाण तलाव, कधी एनडीए रस्त्याने खडकवासला, आणि गावी गेलो की शेतातले कच्चे रस्ते, बास एवढंच. पण दुकानात गेलं की ८ हजारांपासून ४० हजारांपर्यंत सगळं एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, म्हणूनच दाखवतात, सगळ्यांना जाड टायर, सगळ्यांना पुढे शॉकअप, आणि फरक काय विचारलं की गिअर मोजून दाखवतात. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा आता घ्यायचीच आहे. मोठ्यांसाठी प्रत्येकी १५ ते २० हजारांपर्यंत तयारी आहे. ज्यांनी घेऊन वर्ष-दोन वर्षं वापरलीय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, काय टिकलं, काय बदलावं लागलं, मुलांना काय झेपलं. कंपन्यांची माहितीपत्रकं वाचून झालीयत, मला वापरणाऱ्यांचं ऐकायचंय.

नाशिकहून

आधी घरात सगळ्यांची उंची आणि पायाची आतली लांबी मोजा, मग दुकानात जा. मी ५ फूट १ इंच, नवरा ५ फूट १०, आणि दुकानदार दोघांना एकच २९ इंची चाकाची दाखवत होता, म्हणे सीट खाली केली की झालं. अहो सीट खाली येते, फ्रेमची वरची आडवी नळी कुठे खाली येते? सायकलच्या नळीवरून दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहायचं, नळी आणि आपल्यात निदान इंच-दोन इंच जागा उरली पाहिजे, नाहीतर अचानक उतरायची वेळ आली की दुखापत ठरलेली. मी शेवटी २६ इंची चाकाची छोट्या फ्रेमची घेतली, नवऱ्याने २७.५ ची, आणि गंगापूर धरणाच्या रस्त्याला आम्ही आरामात बरोबर चालतो, चाकाच्या आकाराने कोणी मागे पडत नाही.

सीटची उंची लावायची सोपी रीत म्हणजे टाच पायडलवर ठेवून पाय पूर्ण खाली न्यायचा, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. आपल्याकडे बहुतेक जण सीट इतकी खाली ठेवतात की अर्ध्या तासात गुडघे बोलायला लागतात आणि मग बायका म्हणतात सायकल आपल्याला झेपत नाही. झेपते हो, सीट वर घ्या.

मुलांचं म्हणाल तर वाढत्या मापाचा फ्रॉक घेतो तशी सायकल घेऊ नका. साधारण १२० ते १३५ सेंटिमीटर उंचीला २० इंची चाक, १३५ ते १५० ला २४ इंची, आणि वयापेक्षा उंचीवर जा. आणि ब्रेकचा दांडा मुलाच्या बोटांना पोचतो का ते दुकानातच बघा! बऱ्याच दांड्यांना एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. माझ्या लेकाला हे करून दिल्यावर तो उतारावर घाबरायचा थांबला, तोपर्यंत बिचाऱ्याची बोटंच पोचत नव्हती.

पुण्यातून

आमच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, मी नोकरीला लागलो तरी हात अजून चालतात, सोसायटीतल्या निम्म्या सायकली माझ्याकडेच येतात, त्यामुळे जरा मोठं लिहितो.

या बजेटमध्ये शॉकअपसाठी पैसे मोजू नका. स्वस्त शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते, तिचा उसळता जोर आवरायला आत काहीच नसतं, त्यामुळे खड्ड्यात दबते आणि बाहेर येताना हँडलच उडवते. वर दोनेक किलो वजन जास्त. चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात वाया जाते. घ्यायचाच असेल तर वर लॉकचं बटण असलेला घ्या, डांबरी रस्त्यावर बंद करून टाकता येतो. आणि सीटखाली मागेही शॉकअप असलेली १५ हजारांची सायकल अजिबात घेऊ नका, १८-२० किलोचं धूड असतं, मागचा सांधा वर्षभरात खिळखिळा होतो आणि त्याचे बुश आपल्याकडच्या दुकानात मिळत नाहीत.

गिअर २१ म्हणजे पुढे ३ आणि मागे ७, पण त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात. कुटुंबासोबत फिरायला पुढे पायडलपाशी एकच दातेरी चकती आणि मागे ७ किंवा ८ असले तरी पुष्कळ झाले. पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) कमी म्हणजे बिघडायची एक वस्तू कमी, आणि मुलांना तर एकच दांडा सांभाळायचा असतो, डावा-उजवा गोंधळ नाही. शिमानोचा टर्नी हा त्यांच्या खालच्या श्रेणीतला संच आहे पण नीट लावून दिला तर घरगुती वापराला वर्षानुवर्षं चालतो, शिवाय त्याचे भाग गल्लीबोळात मिळतात, हे फार महत्त्वाचं. माहीत नसलेल्या नावाचा डिरेलर असेल तर आधी आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला फोटो दाखवा.

मग पैसे कशात घालायचे? चाकं आणि ब्रेक. दुकानात सायकल उचलून चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ किंवा डिस्क ब्रेकच्या चकतीजवळ डोळा लावून बघा, रिम डावी-उजवीकडे नाचतेय का. नवीन सायकलला आउट असेल तर तिथेच काढून घ्या. रिम दुहेरी भिंतीची आहे का विचारा, ८० किलोच्या माणसाला आणि आपल्या स्पीडब्रेकरना तीच पुरते. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक लागली तर तिथलं बेअरिंग सैल आहे. आणि नवीन सायकल महिन्याभराने परत दाखवायचीच, ब्रेक-गिअरच्या तारा ताणतात, आरे बसतात, हे प्रत्येक नव्या सायकलला होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

यवतमाळहून

वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण आमच्या भागाचा हिशोब वेगळा. इथे डांबर सोडलं की बाभूळ. जाड टायर असो की बारीक, काटा आरपार जातो, मग बायको-पोरांना घेऊन पाच किलोमीटर सायकल ढकलत या. आम्ही टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टी टाकली आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, भरलं, तेव्हापासून शेतापर्यंत बिनधास्त जाऊन राहिलो. सीलंट भरायला व्हॉल्व्हचा आतला पिन काढता आला पाहिजे, मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर निघतो आणि पेट्रोल पंपावर हवाही भरता येते. फक्त पंपावर थोडी थोडी भरा, टायरच्या बाजूला हवेचा दाब किती पीएसआय ते छापलेलं असतं, त्याच्या वर नको.

दुसरं म्हणजे पावसाळ्यात काळी माती. ती रिमला चिकटली की रबरी ब्रेकमध्ये अडकून चाकच फिरत नाही. इथे डिस्क ब्रेक कामाचा आहे कारण चकती मधोमध, चिखलापासून लांब. शौक म्हणून नाही, गरज म्हणून घेतला. आणि मडगार्ड लावायचा असेल तर टायरपासून चांगला वर असलेलाच लावा.

अलिबागहून

आमच्या घरी चौघांच्या चारही सायकली बिनगिअरच्या, बिनशॉकअपच्या, प्रत्येकी १० हजारांच्या आतल्या, आणि मला त्यात काहीही कमी वाटत नाही. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते तेव्हा वरसोलीला किनाऱ्याने जाड टायरवर मुलं जी सुटतात ते सुख गिअरवर अवलंबून नाही. सपाट भागात राहत असाल तर गिअरचे पैसे वाचवून हेल्मेट आणि दिवे चांगले घ्या.

पण समुद्राची खबरदारी घ्यायलाच लागते. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, जोरात फवारा मारू नका नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं, फडक्याने पुसा, चेन सुकवून तेल घाला. रात्रभर ठेवलं तर सकाळी चेन तांबूस झालेली दिसते. सीटची दांडी अधूनमधून काढून ग्रीस लावून परत बसवा, खाऱ्या हवेत ती आतच धरते आणि मुलं उंच झाली तरी सीट वर येत नाही.

बोरिवलीहून

मुंबईकरांसाठी दोन गोष्टी. एक म्हणजे विकत घेण्याआधी राष्ट्रीय उद्यानात गेटजवळ भाड्याने सायकली मिळतात त्या घेऊन घरच्या सगळ्यांना एक सकाळ फिरवून आणा. कान्हेरी लेण्यांपर्यंत साधारण ६ किलोमीटर आहे आणि शेवटी चांगला चढ आहे, कोणाला गिअर लागतात, कोणाला नाही ते तिथेच कळतं. दुसरं म्हणजे ठेवणार कुठे ते आधी ठरवा. आमची लिफ्ट लहान, २९ इंची चाकाची सायकल तिरकी केली तरी बसत नाही, शेजाऱ्यांची जिन्यात पडून आहे. आम्ही २६ इंचीच घेतल्या, पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय निघणारं आहे, ते काढून लिफ्टमध्ये नेतो. ज्यांच्याकडे हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) डिस्क ब्रेक आहे त्यांनी चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक परत बसत नाही.

सॅन होजेहून

इथे कॅलिफोर्नियात आम्ही सगळ्यांसाठी वापरलेल्याच घेतल्या आणि घरातली सर्वात लाडकी सायकल १९९० च्या दशकातली ट्रेक कंपनीची स्टीलची आहे, शॉकअप नाही, रिमचे ब्रेक, मिळाली ती रेस्टॉरंटमधल्या एका जेवणाच्या पैशात. नवीन टायर, तारा, ब्रेकचे रबर घातले, बास. लॉस गॅटोस क्रीक ट्रेल या ओढ्याकाठच्या वाटेवर मुलांबरोबर तीच नेते. हा ट्रेल बराचसा पक्का आहे, धरणाच्या भिंतीजवळचा शेवटचा तुकडा कच्चा आणि खडा, तिथेही ही जुनी सायकल छान चढते.

माउंटन बाइकचा जन्म इथून जवळच मरीन काउंटीत झाला, १९७० च्या दशकात माउंट टॅम या डोंगराच्या उतारांवरून लोक जुन्या जाड टायरच्या सायकली दामटवायचे, त्यांना शॉकअप होता कुठे? रॉकशॉक्सचा पहिला शॉकअप आला १९८९ मध्ये. म्हणजे तोवर हा सगळा खेळ जाड टायर आणि मजबूत फ्रेमवरच चालला, आणि आपल्याला तर मुलांबरोबर तलावापर्यंत जायचंय. वापरलेली घेताना फ्रेमच्या जोडांजवळ रंगाला भेग दिसते का, सीटची दांडी हलते का आणि दोन्ही चाकं सरळ फिरतात का एवढं पाहिलं तरी पुष्कळ. भारतातही सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या किती सायकली आहेत, विचारून बघा, लोक आनंदाने देतात.

म्हापशाहून

मी थोडं वेगळं मत मांडतो. जिथे ९० टक्के डांबर आहे तिथे एमटीबी घ्यायचीच कशाला? आम्ही हायब्रिड घेतल्या, सरळ हँडल, शॉकअप नाही, टायर मध्यम जाडीचे. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडीला जातो, बेटावर रस्ते अरुंद पण गुळगुळीत, सोबतचे एमटीबीवाले गोट्या-गोट्यांच्या टायरवर घुर्रर्र आवाज करत येतात आणि दमतात. ज्यांनी आधीच एमटीबी घेतलीय त्यांनी सायकल विकू नये, नुसते टायर बदलावेत. मधे सलग पट्टा असलेले टायर मिळतात, १.७५ किंवा १.९५ रुंदीचे, हवा जरा जास्त ठेवा, तीच सायकल वेगळी वाटते. माझ्या पत्नीच्या सायकलला हेच केलं आणि आता तीच पुढे असते.

कोल्हापूरहून

नातवाला घेऊन रोज रंकाळ्याला चक्कर असते, म्हणून कॅरिअरबद्दल लिहितो, कारण हे कोणीच सांगत नाही बघा. एमटीबीला मागे कॅरिअर लावायला फ्रेमला भोकं आहेत का ते घेतानाच बघायचं. नसतील तर दुकानदार सीटच्या दांडीला आवळायचा कॅरिअर देतो, त्यावर ९-१० किलोच्या वर वजन चालत नाही, पोराला त्यावर कधीही बसवू नका. लहान मुलासाठी वेगळी खुर्ची मिळते पट्ट्यावाली, पाय ठेवायला जागा असलेली, ती भक्कम कॅरिअरवर किंवा फ्रेमलाच बसवायची. पाय चाकात जाऊन टाच कापलेली लेकरं मी पाहिलीत, लई वाईट असतं ते. आणि मागे वजन न्यायचं असेल तर मागचा आस चांगला लागतो, स्वस्त फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चकत्यांचा आट्याने बसणारा संच) सायकलला तो वाकतो, मेकॅनिकला आधी विचारा.

मूळ प्रश्नकर्ता, पुणे

खूप खूप आभार, सगळं बायकोला वाचून दाखवलं. आमचं बरंच ठरलंय, शॉकअप नको, पुढे एकच चकती, मोठ्यांना २७.५ आणि २६. दोनच शंका राहिल्यात. डिस्क की रिमचे ब्रेक? आणि ऑनलाइन ३ हजारांनी स्वस्त दिसतेय, घ्यावी का?

पुण्यातून

तुमच्या रस्त्यांना दोन्ही चालतील. रिमचे चांगले व्ही-ब्रेक (दोन्ही बाजूंनी रबराने रिम आवळणारे) हे स्वस्त तारेच्या डिस्कपेक्षा सांभाळायला सोपे, रबर कुठेही मिळतं, घरी बदलता येतं. पावसात फिरणार असाल तर डिस्क, पण चकतीवर तेलाचा थेंब पडू देऊ नका, पॅड तेल पितात आणि मग ब्रेकच लागत नाही. चेनला तेल स्प्रेने मारायचं नाही, थेंब थेंब घालायचं.

ऑनलाइनची सायकल ८५ टक्के जोडलेली येते, उरलेलं जोडणं हेच खरं काम असतं. माझ्याकडे एक आली होती तिचा पुढचा फोर्कच, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा बसवलेला, मालक तसाच महिनाभर चालवत होता. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, जोर करून सुलट बसवलं की क्रँकचे (पायडल बसतं त्या दांड्याचे) आटे गेले. जोडायला चांगला मेकॅनिक असेल तर घ्या, पण त्याची मजुरी आणि पहिली सर्व्हिस धरून मग ३ हजारांचा हिशोब करा.

नाशिकहून

मुलीचं राहिलं की! ११ वर्षांची म्हणजे २४ आणि २६ च्या मधोमध असणार, तिची उंची सेंटिमीटरमध्ये इथे टाका, आणि तिला दुकानात बरोबर न्या, दोन्ही चालवून बघू द्या.