जुन्या मोटरहोम जनरेटरचं टायमिंग: डिस्ट्रिब्युटर नाही, मग फिरवायचं काय?

फिरतं_घर
मोटरहोममधला जुना पेट्रोल जनरेटर आहे. फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, समोरासमोर दोन सिलिंडर, १८०० आरपीएम, पॉईंटवालं इग्निशन (पॉईंट म्हणजे उघडझाप करून कॉइलमधून ठिणगी पाडणारे छोटे संपर्क). रिकामा छान चालतो; एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दम टाकतो आणि मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा पाइप) लालसर होतो. पॉईंट, कॉन्डेन्सर, प्लग नवे आहेत. पॉईंटची गॅप ०.०२० इंच ठेवली आहे. मॅन्युअलमध्ये ठिणगी टीडीसीच्या (पिस्टन टोकाला पोचण्याच्या क्षणाच्या) २० अंश आधी असं दिलंय, टायमिंग लाईटवर (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) १४ दिसतात. गाडीत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) फिरवून टायमिंग बदलतात; इथे तो नाही, मग टायमिंग पुढे, म्हणजे ठिणगी लवकर, कशी घ्यायची? की आधी कार्ब्युरेटर बघू?

पाना_दहा
कार्ब्युरेटरला आत्ता हात लावू नका. टायमिंग मागे असताना मिश्रण जुळवलंत तर टायमिंग दुरुस्त झाल्यावर ते पुन्हा जुळवावं लागेल.

या इंजिनांत पॉईंट बॉक्स बहुतेक जागच्या जागी पक्का असतो, त्यामुळे गॅप हेच टायमिंग. ठिणगी पॉईंट उघडतात त्या क्षणी पडते. गॅप वाढवली की पॉईंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. कमी केली की मागे. तेव्हा ०.०२० हा आकडा फक्त सुरुवातीचा. खरा निकाल टायमिंगच्या खुणेचा. (काही मॉडेलमध्ये बॉक्सच्या स्क्रूंना लांबट भोकं असतात आणि बॉक्स सरकवता येतो. तसं असेल तर गॅप तशीच ठेवून बॉक्स सरकवा.)

आधी स्टॅटिक लावा, म्हणजे इंजिन बंद ठेवून टायमिंग जुळवा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, नाहीतर आतून कुणी स्टार्टचं बटण दाबलं तर हात गेला. दोन्ही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. पॉईंटवरून कॉइलकडे जाणारी वायर सोडा; ती जोडलेली राहिली तर मीटर कॉइलमधून रीडिंग दाखवतो आणि पॉईंट उघडले की नाही ते कळतच नाही. मग मीटर बीपवर ठेवून एक टोक पॉईंटच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला.

आता इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने सावकाश फिरवा. बीप थांबली, तिथेच थांबा आणि खूण बघा. खूण ओलांडून पुढे गेलात तर नुसतं मागे आणू नका. पाव फेरा मागे जाऊन परत पुढे या, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मोजमापात शिरतो. तुमची ठिणगी उशिरा पडतेय, म्हणजे गॅप एकेक थाऊने (इंचाचा हजारावा भाग) वाढवत जा.

ठिणगी
वरच्या पद्धतीशी सहमत, पण आधी एक विचारतो: ते १४ अंश कसे वाचले? खुणेवरून, की लाईटच्या मागच्या डायलवरून?

या इंजिनाला एकच कॉइल, दोन टोकांची. दोन्ही प्लग एकाच वेळी पेटतात आणि दर फेऱ्याला ठिणगी पडते, म्हणजे एक वाया जाते. डायलवाली लाईट मात्र दोन फेऱ्यांत एक ठिणगी धरून हिशोब करते. त्यामुळे डायलवर १४ आले तर प्रत्यक्षात ७ च अंश असतात! आरपीएमही दुप्पट दिसतं, १८०० चे ३६००. लाईटवर टू-स्ट्रोकची सेटिंग असेल तर ती लावा. नसेल तर डायल शून्यावर ठेवून थेट कव्हरवरच्या अंशांच्या खुणा वाचा. लाईट मधूनच चमकत असेल तर वायरवरची क्लिप उलटी लावून बघा.

तपासणी १८०० लाच करा, आणि लाईट मारायला ब्लोअरचं कव्हर उतरवू नका, फक्त खुणेच्या भोकाचं बूच काढा. कव्हर नसेल तर सिलिंडरवर वारा जात नाही आणि इंजिन पटकन तापतं. धूर आत येणार नाही अशा मोकळ्या जागेतच चालवा.

फिरतं_घर
डायलवरूनच वाचले होते. शून्यावर ठेवून खरंच ७ दिसले. पण गॅप बरोबर मोजूनही टायमिंग इतकं मागे कसं?

पाना_दहा
तीन शक्यता, या क्रमाने बघा.

एक, स्क्रू आवळताना गॅप हलली. हे फारच होतं. आवळल्यावर पुन्हा मोजा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडत सरकला पाहिजे. जोर लावून घुसवला तर प्लंजर (पॉईंटला ढकलणारी दांडी) किंवा स्प्रिंग दबते आणि मोजमाप खोटं येतं. गेजचं तेल पॉईंटवर राहिलं तर तेही जळतं, म्हणून शेवटी कोरा जाड कागद मधून ओढून घ्या.

दोन, प्लंजर चिकटला आहे. कॅमकडून पॉईंटला ढकलणारी ती छोटी दांडी काढून बघा. तेलाचा चिकटा साचला की ती मोकळी हलत नाही. भोक झिजलं असेल तर तेल पॉईंट बॉक्समध्ये येतं आणि नवे पॉईंटही थोड्याच दिवसांत काळे पडतात.

तीन, कॅमचा उंचवटा झिजला किंवा टायमिंग गिअर एका दाताने चुकला. माझा ठोकताळा असा: खूण जुळायला गॅप २५ थाऊच्या वर न्यावी लागली तर तिथेच थांबा. पॉईंट फार कमी वेळ बंद राहिले तर कॉइल पुरती भरत नाही आणि लोडवर ठिणगी कमजोर पडते. उलट १६ च्या खाली गेलात तर पॉईंट जळतात.

ठिणगी
जुळवताना २० च्या पुढे नेण्याचा मोह नको. टायमिंग फार पुढे गेलं की स्टार्टर उलटा झटका खातो आणि लोडवर ठोके ऐकू येतात. एलपीजीवर चालणाऱ्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो. ओनान कंपनीचा जनरेटर असेल तर पाटीवरच्या मॉडेल नंबरच्या शेवटचं स्पेक अक्षर मॅन्युअलशी जुळवूनच आकडा घ्या.

हळूचालव
टायमिंग जुळूनही मॅनिफोल्ड लाल होत राहिला तर मिश्रण बहुधा पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आहे. तेव्हा कार्ब्युरेटरचा लोडचा स्क्रू, तोही पूर्ण लोड टाकून. मागच्या टायमिंगवर इंजिन बराच काळ चाललं असेल तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही मोजा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून जळतो तो याच कारणाने, आणि ते दुखणं कुठल्याच स्क्रूने जात नाही. नवे पॉईंट असल्यामुळे काही तास चालवून गॅप पुन्हा तपासा. प्लंजरला टेकणारा भाग घासून बसेपर्यंत ती थोडी कमी होते, म्हणजे टायमिंग परत मागे.