मदत हवी आहे : नेवासे तालुक्यातील एका लहान चर्चच्या इतिहासाची साधने

सप्रेम नमस्कार. आमचे कुटुंब दोन पिढ्यांपासून मुंबईत असले, तरी मूळ गाव नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात आहे आणि तेथील लहानशा चर्चचा व मंडळीचा (म्हणजे त्या चर्चच्या ख्रिस्ती समुदायाचा) इतिहास लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे.

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन प्रोटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला केंद्र सुरू झाले आणि १९७० साली अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची (सी.एन.आय.) स्थापना झाली, हा मोठा आराखडा ग्रंथांत मिळतो. मात्र त्यात मिशनरींचीच नावे ठळक आहेत. ज्यांनी गावकीचा रोष पत्करून बाप्तिस्मा घेतला, १८७६-७८ च्या दुष्काळात मंडळी धरून ठेवली, रात्री दिव्याखाली ख्रिस्ती कीर्तने केली, त्या महार-मांग कुटुंबांची नावे क्वचितच येतात. माझ्या मते खरा इतिहास त्यांचाच आहे.

म्हणून विनंती अशी, की १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या मराठी नियतकालिकाचे जुने अंक मुंबईत कोठे वाचावयास मिळतात, आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या जुन्या नोंदवह्या पाहण्यासाठी अर्ज पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) करावा की धर्मप्रांताच्या कार्यालयाकडे, हे जाणकारांनी सांगावे. त्या परिसरातील कोणाच्या घरी जुनी पत्रे, कीर्तनांच्या वह्या किंवा मंडळीची छायाचित्रे असल्यास मी स्वतः येऊन, मूळ प्रत न हलवता, त्यांची छायाचित्रे घेईन. गावातील वृद्ध मंडळींच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा अनुभव असणाऱ्यांनीही कृपया मार्गदर्शन करावे.